अणूंचे ऋणानुबंध

रसायनशास्त्राच्या पुस्तकात अणूंची लग्नं फार पटकन जमतात. सोडियमकडे शेवटच्या कक्षेत एक इलेक्ट्रॉन जास्तीचा, क्लोरीनकडे एक कमी. पत्रिका जुळली, इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण झाली, दोघांचंही अष्टक पूर्ण, शुभमंगल सावधान आणि मीठ तयार! शाळेत ही गोष्ट ऐकली, बारावीला ऐकली, आणि फर्स्ट इयरच्या अप्लाइड केमिस्ट्रीत पुन्हा ऐकली. गोष्ट गोड आहे. परीक्षेत मार्कही मिळतात.

आमच्या हॉस्टेलवर एक ज्युनियर आहे, तालुक्याच्या गावाहून मराठी माध्यमातून आलेला. त्याने या गोष्टीवर वर्गात एक साधा प्रश्न विचारला, "पण आठ झाले हे अणूला कळतं कसं?" वर्ग हसला, पोर्शन बाकी होता, पुढची स्लाइड आली. रात्री मेसनंतर तोच प्रश्न घेऊन तो माझ्या रूमवर आला, जरा खजील होऊनच. मला विचाराल तर त्या अख्ख्या चॅप्टरवर विचारण्यासारखा सगळ्यात चांगला प्रश्न तोच आहे. कारण त्याचं खरं उत्तर असं, की अणूला काहीही कळत नाही. त्याला आठही नको असतात आणि साडेसातही. निसर्गात फक्त ऊर्जेचा जमाखर्च चालतो. तो मांडून पाहिला की ही लग्नाची गोष्ट कुठे कुठे लंगडी पडते ते दिसतं, म्हणून हा लेख.

तर वही काढा, सोडियम क्लोराइडचं खातं उघडू. सगळे आकडे एका मोलचे, म्हणजे साडेअठ्ठावन्न ग्रॅम मिठाचे, तीन-चार मोठे चमचे धरा.

सोडियम हा घन धातू. त्याचे अणू सुटे करायलाच १०७ किलोज्यूल लागतात. क्लोरीन वायूत अणू जोडीजोडीने असतात, त्यातली अर्धा मोल जोडपी फोडायला १२१. मग सोडियमच्या अणूतून तो सुप्रसिद्ध 'जास्तीचा' इलेक्ट्रॉन बाहेर काढायला ४९६. हो, ४९६! सोडियम इलेक्ट्रॉन द्यायला उत्सुक असतो असं आपण लिहितो, पण प्रत्यक्षात तो ओढून काढावा लागतो आणि त्याचे रोख पैसे मोजावे लागतात. एकूण खर्च झाला ७२४. जमेच्या बाजूला काय? क्लोरीनने इलेक्ट्रॉन घेतल्यावर सुटतात फक्त ३४९. म्हणजे देवाणघेवाण पूर्ण झाली, दोघांची अष्टकं पूर्ण झाली, आणि खात्यात ३७५ किलोज्यूलचा तोटा. पुस्तकातली गोष्ट इथे संपते. इथेच खरोखर संपली असती तर जगात मीठच नसतं.

तोटा भरून निघतो तो पुढच्या पायरीवर. आता आपल्याकडे धन प्रभाराचे सोडियम आयन आहेत आणि ऋण प्रभाराचे क्लोराइड आयन. ते एकमेकांकडे ओढले जातात आणि स्फटिक रचतात. प्रत्येक सोडियमभोवती ०.२८२ नॅनोमीटरवर सहा क्लोराइड. त्यापलीकडे बारा सोडियम, ते दूर ढकलणार. त्यापलीकडे पुन्हा आठ क्लोराइड, ते ओढणार. ही अधिक-उण्याची बेरीज संपता संपत नाही, पण ती एका आकड्यावर स्थिरावते, १.७४८. एर्विन माडेलुंग या जर्मन शास्त्रज्ञाने १९१८ साली ही बेरीज केली. अर्थ सरळ आहे. एकट्यादुकट्या जोडप्याला जे आकर्षण मिळालं असतं, त्याच्या पावणेदोन पट स्फटिकात मिळतं. अगदी जवळ आल्यावर होणारी ढकलाढकल वजा केली तरी हाती ७८७ किलोज्यूल येतात. त्यातून ३७५ चा तोटा फेडला की उरतात ४१२. प्रयोगशाळेत सोडियम आणि क्लोरीनपासून मीठ बनताना मोजलेली उष्णता आहे ४११! हा हिशेब १९१९ मध्ये मांडला गेला, आणि सिलॅबसमध्ये 'बॉर्न-हेबर चक्र' नावाने जो बाण-बाण असलेला डायग्राम आपण पाठ करतो, तो हाच.

आपल्या मराठीत ऋण म्हणजे कर्ज, आणि ऋण म्हणजे मायनस चार्जसुद्धा. त्यामुळे आयनिक बंधाला 'ऋणानुबंध' म्हटलं तर भाषेच्या सरांनीही हरकत घेऊ नये. मात्र हे कर्ज दोघांमधलं नाही, सगळा गाव मिळून ते फेडतो. मिठाच्या खड्यात 'सोडियम क्लोराइडचा रेणू' असं वेगळं काढून दाखवता येणारं काही नसतं. कुठला सोडियम कुठल्या क्लोरीनचा, याला तिथे अर्थच नाही.

अजून एक खातं बघा, कारण ते जास्त चावट आहे. मॅग्नेशियम ऑक्साइड. मॅग्नेशियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला ७३८, दुसरा काढायला १४५१. ऑक्सिजन पहिला इलेक्ट्रॉन घेताना १४१ सोडतो, ठीक. पण दुसरा? अष्टक पूर्ण करणारा, ज्याच्यासाठी म्हणे ऑक्सिजन आसुसलेला असतो, तो दुसरा इलेक्ट्रॉन आत कोंबायला उलट सातशेहून जास्त किलोज्यूल खर्च येतो. आधीच ऋण असलेल्या आयनात आणखी एक ऋण घुसवायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार! अष्टक पूर्ण झालेला ऑक्साइड आयन एकटा, मोकळ्यावर टिकतच नाही. तरीही मॅग्नेशियम ऑक्साइड बनतं आणि ते असं चिवट असतं की २८५० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं (मीठ ८०१ अंशांना). दोन धन आणि दोन ऋण असले की आकर्षण चौपट होतं, त्यातून स्फटिकाची मिळकत ३८०० किलोज्यूलच्या घरात जाते आणि सगळी उधारी फिटते. पोलाद बनवण्याच्या भट्ट्यांना आतून ज्या विटा लावतात, त्यांत हेच ऑक्साइड असतं. मेकॅनिकल आणि मेटलर्जीवाल्यांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता आठ हा आकडा आला कुठून? गिल्बर्ट लुईस हा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ १९०२ पासून वहीत अणूंची चित्रं घनाकृती काढत होता. घनाला कोपरे आठ, प्रत्येक कोपऱ्यावर एक इलेक्ट्रॉन. १९१६ मध्ये त्याने ती कल्पना छापली आणि सोबत खरी मोठी गोष्टही सांगितली, की दोन अणू इलेक्ट्रॉनची एक जोडी मिळून वापरू शकतात. ठोकळा पुढे बाद झाला, पण जोडी आणि ठिपक्यांची चित्रं राहिली. १९१९ मध्ये अर्विंग लँगम्यूरने अशा बंधाला इंग्रजीत 'कोव्हॅलंट' हे नाव दिलं. जरा थांबा. को म्हणजे सह, व्हॅलन्स म्हणजे संयुजा. आपल्या शाळेच्या पुस्तकातला 'सहसंयुज' शब्द अक्षराला अक्षर तेच सांगतो. मराठी माध्यमातून आलेली पोरं पहिल्या सेममध्ये इंग्रजी शब्दांना बिचकतात, पण या बाबतीत तरी त्यांच्या हातात जास्त उघडा शब्द आहे. इंग्रजी माध्यमातल्या किती जणांनी 'को' कशाचा हे कधी विचारलं असेल?

भागीदारीने बंध का तयार व्हावा, हे मात्र लुईसलाही सांगता येत नव्हतं. हायड्रोजनचे दोन अणू घ्या. केंद्रक केंद्रकाला ढकलतं, इलेक्ट्रॉन इलेक्ट्रॉनला ढकलतो. मग ते चिकटतात कशाला? वॉल्टर हाइटलर आणि फ्रिट्झ लंडन या दोघांनी १९२७ साली, तेव्हा अगदी नव्या असलेल्या क्वांटम मेकॅनिक्सने हे गणित सोडवलं. ढोबळ मानाने असं. इलेक्ट्रॉनला जितक्या छोट्या जागेत कोंडावं तितकी त्याची धडपड, म्हणजे गतिज ऊर्जा वाढते. दोन केंद्रकं शेजारी आली की सिंगल रूमची डबल रूम होते, त्याला हातपाय पसरायला जागा मिळते. शिवाय दोन्ही केंद्रकांच्या मधल्या भागात तो वावरतो तेव्हा दोघंही त्याला ओढतात आणि त्याच्या निमित्ताने एकमेकांजवळ बांधली जातात. एकूण ऊर्जा उतरते. अंतर ०.०७४ नॅनोमीटर झालं की सगळ्यात कमी होते, आणि तिथून दोघांना वेगळं करायचं तर मोलमागे ४३६ किलोज्यूल मोजावे लागतात.

मग हेलियम असंच का करत नाही? कारण त्या डबल रूममध्ये खालच्या पातळीवर दोनच इलेक्ट्रॉन मावतात, हा पाउलीचा नियम. हेलियमचे दोन अणू चार इलेक्ट्रॉन आणतात. उरलेल्या दोघांना वरच्या पातळीवर जावं लागतं, तिथे जेवढं कमावलं तेवढं, किंबहुना थोडं जास्तच, गमावलं जातं. म्हणजे 'दोन झाले', 'आठ झाले' हे अणूला कळत नाही. जागा भरल्या की पुढच्या इलेक्ट्रॉनचा भाव एकदम चढतो, एवढंच होतं. अष्टक हे कारण नाही. बहुतेक वेळा हिशेब जिथे जमतो, तिथे मोजल्यावर आठ निघतात. ज्युनियरच्या प्रश्नाचं हे माझं उत्तर.

बहुतेक वेळा, नेहमी नाही. झेनॉनचं अष्टक पहिल्यापासून पूर्ण, म्हणून तो निष्क्रिय, असं पुस्तकं छातीठोकपणे सांगत होती. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात नील बार्टलेट नावाचा तरुण संशोधक प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडवर काम करत होता. हा लाल वायू इतका आधाशी, की त्याने चक्क ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढून घेतला. बार्टलेटने मग आयनीकरण ऊर्जेचं टेबल पाहिलं. ऑक्सिजनच्या रेणूला सुमारे ११७०, झेनॉनलाही सुमारे ११७०. मग झेनॉनच्या बाबतीत का होऊ नये? १९६२ मध्ये त्याने दोन्ही वायू एकत्र सोडले आणि नेहमीच्या तापमानालाच पिवळसर नारिंगी घन पदार्थ तयार झाला. त्याच वर्षी इतरांनी झेनॉनची फ्लोराइडंही बनवली. मला या गोष्टीत सगळ्यात आवडतं ते हे, की टेबल सगळ्यांकडे होतं. अष्टकाच्या गोष्टीवर विश्वास असल्यामुळे बहुतेकांनी त्यात डोकावून पाहिलं नाही.

इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी अजून एक उदाहरण. हाय व्होल्टेज सर्किट ब्रेकरमध्ये सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू असतो. एका गंधकाला सहा फ्लोरीन, म्हणजे शाळेच्या ठिपक्यांनी मोजलं तर गंधकाभोवती बारा इलेक्ट्रॉन! अष्टकाच्या नियमाने असा रेणू असायलाच नको. पण आहे, आणि त्याचे बंध इतके पक्के की सहजासहजी कशाशीही अभिक्रिया करत नाही. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. गळती झाली की तो हवेत शेकडो वर्षं टिकून राहतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात उष्णता अडकवण्यात वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजारपटींहून भारी पडतो. पक्का बंध नेहमीच चांगला असं काही नाही.

हिशेबाचाच विषय आहे तर व्हायवात हमखास फसवणारं एक वाक्य इथेच निकालात काढू. 'इंधनाच्या बंधांमध्ये ऊर्जा साठवलेली असते आणि बंध तुटला की ती बाहेर पडते.' साफ चूक. बंध तोडायला नेहमी खर्च येतो, बंध जुळला की जमा होते. दोन मोल हायड्रोजन आणि एक मोल ऑक्सिजन घ्या. हायड्रोजनचे बंध तोडायला ८७२, ऑक्सिजनचा ४९८, खर्च १३७०. पाण्याच्या वाफेत ऑक्सिजन-हायड्रोजनचे चार बंध जुळतात, प्रत्येकी सुमारे ४६३, जमा १८५२. नफा ४८२ किलोज्यूल. नफा होतो तो नवे बंध जुन्यापेक्षा भक्कम म्हणून. आणि सुरुवातीचा खर्च कुणीतरी आगाऊ द्यावा लागतो, म्हणून गाडीत स्पार्क प्लग आणि घरात लायटर. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो, पण त्याचा तिहेरी बंध तोडायला ९४५ लागतात, म्हणून तो इंजिनात येतो तसा बहुतांशी निघून जातो.

धातूंबद्दल थोडक्यात. तिथे इलेक्ट्रॉन दोघांत नाही, सगळ्यांत मिळून वाटलेले असतात. पुण्यात कसब्याजवळच्या तांबट आळीत तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून हंडा होतो, तुटत नाही. अणूंचे थर एकमेकांवरून घसरले तरी इलेक्ट्रॉनांना फरक पडत नाही, नव्या जागीही बंध तसाच. मिठाच्या खड्यावर तोच हातोडा मारा. थर थोडा सरकला की धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतं, आणि खडा फुटतो.

आता जे मला सेकंड इयरला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते. आडव्या अक्षावर दोन अणूंमधलं अंतर, उभ्या अक्षावर स्थितिज ऊर्जा, असा ग्राफ काढा. लांबवर रेघ सपाट. जवळ येताना ती खाली उतरते, तळ गाठते, आणि अजून जवळ दाबलं की भिंतीसारखी उभी चढते. बंध आयनिक असो, सहसंयुज असो की धातूचा, खड्डा असाच. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या मागच्या टेबलातले तीन आकडे या एका खड्ड्यातून येतात. खड्डा किती खोल, यावर पदार्थ किती अंशांना वितळणार ते ढोबळपणे ठरतं. तळाशी तो किती अरुंद, यावर यंग्ज मॉड्युलस. आणि तो किती तिरका, यावर तापल्यावर पदार्थ किती फुगणार. डावीकडची भिंत उभी आणि उजवीकडचा उतार सौम्य असल्यामुळे जोरात थरथरणारा अणू सरासरीने उजवीकडे, म्हणजे लांब सरकतो. खड्डा दोन्ही बाजूंनी सारखा असता तर गरम केल्यावर काहीच फुगलं नसतं.

खोल खड्डा सहसा अरुंद असतो आणि कमी तिरका. टंगस्टन वितळतं ३४२२ अंशांना, मॉड्युलस ४०० गिगापास्कलच्या आसपास, प्रसरण अंशामागे दहा लाखांत साडेचार भाग. लोखंड १५३८ अंश, २०० गिगापास्कल, १२ भाग. अ‍ॅल्युमिनियम ६६०, ७०, २३. शिसं ३२७, १६, २९. तिन्ही रांगा आपापल्या दिशेने ओळीत चालल्यात. हे आकडे पाठ करताना माझी दमछाक झाली होती. खड्डा डोळ्यांसमोर ठेवला की निदान क्रम चुकत नाही.

रेल्वेचा रूळ घ्या. १३ मीटरचा तुकडा, तापमान ३० अंशांनी वाढलं, तर लांबी सुमारे ४.७ मिलिमीटरने वाढते. जुन्या रुळांच्या सांध्यात फट ठेवायचे ती यासाठीच. आता बहुतेक ठिकाणी रूळ सलग वेल्ड करतात, फट नाही, खडखडाटही नाही. पण फुगायला जागा नाही म्हटल्यावर रुळात ताण साठतो. मॉड्युलस गुणिले प्रसरण गुणिले तापमान, म्हणजे सुमारे ७२ मेगापास्कल. तो स्लीपर, क्लिपा आणि खडी मिळून दाबून धरतात. या गुणाकारातले पहिले दोन आकडे त्याच एका खड्ड्याचे, एक त्याच्या अरुंदपणाचा आणि एक तिरकेपणाचा.

एक गोष्ट मात्र त्या खड्ड्यातून निघत नाही. बंधांच्या हिशेबाने पोलादाने काही गिगापास्कल ताण आरामात सोसायला हवा. आपल्या लॅबमधल्या यूटीएमवर माइल्ड स्टीलचा रॉड लावला की तो २५० मेगापास्कलच्या आसपासच यील्ड होतो. अणूंचा अख्खा थर एकदम घसरत नाही, हे त्याचं कारण. रचनेतल्या एखाद्या दोषाची रेघ थरातून पुढे सरकत जाते, आणि एका वेळी फक्त तेवढ्या रांगेतले बंध तुटून शेजारी जुळतात. मोठी सतरंजी एकदम ओढायला चार माणसं लागतात, पण तिला एक सुरकुती पाडून ती सुरकुती ढकलत नेली तर एकटाही ती सरकवू शकतो, तसंच. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी १९३४ साली स्वतंत्रपणे हे मांडलं. त्या दोषांना डिस्लोकेशन म्हणतात, ते थर्ड सेमच्या मटेरियल सायन्समध्ये भेटतील.